सायलेन्सरवरचा सरकारी शिक्का

मोटारसायकलच्या सायलेन्सरला गंज लागणं हा गुन्हा असेल, तर माझ्या ओळखीतली निम्मी माणसं आत हवीत. नापास मात्र मी एकटाच झालो. वाहन तपासणी केंद्रातल्या त्या तपासनीसानं गाडीभोवती एक फेरी मारली, बुटाच्या टोकानं सायलेन्सर जरा हलवून बघितला आणि माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. 'सायलेन्सर गंजलेला. नापास.' तीन शब्द. त्यांत एक क्रियापदसुद्धा नाही.

मला नापास होण्यापेक्षा बुटाचा राग जास्त आला. मी स्वतः तपासनीस आहे. बाजारातली वजनं, मापं आणि काटे तपासणं हे माझं बावीस वर्षांचं काम. गंजलेली वजनं मीही बाद करतो, रोज करतो, पण आजवर एकाही वजनाला मी पाय लावलेला नाही. माणसानं खाली बसावं, वस्तू हातात घ्यावी, उलटी करून बघावी, मग बाद करावी. बाद होणाऱ्यालाही बरं वाटतं. मी त्याला सौम्यपणे म्हणालो, "मीही याच कामातला आहे."

"मग तुम्हाला आधीच कळायला हवं होतं," तो म्हणाला. "पुढची गाडी घ्या."

आता या गाडीचं महत्त्व सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही मेकॅनिकसारखं बोलाल. गाडी बाबांची आहे, नोंदणीही त्यांच्याच नावावर आहे. बाबांचं वय एक्क्याऐंशी. कारखान्यात फोरमन होते. गाडी चालवणं त्यांनी सहा वर्षांपूर्वी सोडलं, पण दर रविवारी दुपारी चार वाजता ते माझ्यामागे बसतात आणि आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला आत्याकडे जातो. आत्या पंच्याऐंशीची, एकटी राहते, कुठे जात-येत नाही. बाबांना बंद गाडीत पहिल्या वळणालाच गरगरतं आणि बसच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. म्हणजे मोटारसायकल नाही तर आत्या नाही. महिनाअखेरीस नोंदणीची मुदत संपत होती. तोवर तपासणीत पास झाली नाही तर नोंदणी रद्द, गाडी भंगारात. संधी एकूण तीन मिळतात, त्यातली एक त्या बुटाखाली गेली होती.

मेकॅनिक म्हणाला, "काका, हे मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलं. सायलेन्सर कुठे मिळायचा नाही. काढून टाका गाडी."

काका. तो माझ्याहून फार तर पाच वर्षांनी लहान असेल. मी तिथेच ठरवलं की गंज मी स्वतः काढणार आणि रंगही मी स्वतः देणार. घरी येऊन तसं जाहीर केलं. बायको म्हणाली, "अहो, कोणाला तरी बोलवा ना." मागे मी नळ दुरुस्त केला होता आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांना दोन दिवस हॉलमध्ये छत्री उघडून बसावं लागलं होतं, तो विषय तिनं काढला नाही, पण तिच्या चेहऱ्यावर तो स्पष्ट दिसत होता. बाबांनी एक खुर्ची उचलली, खाली पार्किंगमध्ये नेली आणि माझं काम बघायला बसले. हे मला जास्त जड गेलं.

पहिला नट निघायलाच सकाळ गेली. पार्किंगमध्ये माणूस पाना घेऊन आडवा झाला की इमारतीला कसा कोण जाणे, पण पत्ता लागतोच. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले आले. त्यांना सगळी इमारत 'सर्वज्ञ' म्हणते आणि त्यांना तो मान वाटतो. ते म्हणाले, "व्हिनेगरमध्ये तीन दिवस भिजवा. गंज आपोआप हात जोडतो." तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, कोला ओता. त्यांच्या भावानं ओतला होता. त्याचं पुढे काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, "त्यानं गाडी विकली." अशा माहितीचा मला काय उपयोग, हे मी काकूंना विचारलं नाही, कारण बाबा समोर बसले होते.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांनी हातातल्या वहीतून नियम वाचून दाखवला. पार्किंगमध्ये वाहनाखेरीज कोणतीही वस्तू ठेवता येणार नाही.

"हे वाहनच आहे," मी म्हणालो.

"गाडीला लावलेला आहे तोवर वाहन. तुम्ही तो काढलात. आता ती वस्तू झाली."

"आणि परत लावला की?"

"तेव्हा परत वाहन. माझी हरकत नाही."

नियमावर जगणाऱ्या माणसाला नियमानंच गप्प करणं यात एक प्रकारचा हलकटपणा आहे, असं माझं स्पष्ट मत झालं. पण नियम बिनचूक होता, त्यामुळे मला सायलेन्सर खांद्यावर घेऊन तीन जिने चढावे लागले. तो बाल्कनीत मावेना, म्हणून बाथरूममध्ये गेला. दोन्ही टोकांना बुचं मारून, बादलीत उभा करून, वरून व्हिनेगर ओतून मी त्याला फडक्यांत गुंडाळला. पुढचे तीन दिवस आमच्या घरातली माणसं सायलेन्सरला वळसा घालून आंघोळ करत होती. बायकोच्या ऑफिसात कोणीतरी तिला विचारलं, की तुमच्याकडे लोणच्याचा धंदा सुरू झालाय का. हा प्रश्न तिनं घरी येऊन मला जसाच्या तसा, पण बऱ्याच मोठ्या आवाजात विचारला.

मी मात्र पद्धतशीर चाललो होतो. रोज संध्याकाळी सायलेन्सर पुसायचा, तारेच्या ब्रशनं घासायचा आणि वजन करायचं. वजन कमी होईल तेवढा गंज निघाला, हा साधा हिशेब आहे आणि तो माझ्याखेरीज कोणाला सुचला नसता. पहिल्या दिवशी चार किलो एकशे वीस ग्रॅम. तिसऱ्या दिवशी पावणेचार किलो. मी तसा तक्ता करून बाथरूमच्या दारावर चिकटवला. घरात कौतुकाचा एक शब्द कोणी काढला नाही. बाबांनी तक्ता नीट वाचला आणि म्हणाले, "निघालं किती ते लिहिलंयस. उरलं किती ते बघ."

ते मला चौथ्या दिवशी कळलं. एंजिनाजवळ नळी जिथे वळते, तिथल्या शेवटच्या तांबूस पापुद्र्यावर मी ब्रश फिरवला आणि पापुद्रा आत पडला. खाली लोखंड नव्हतंच. गेली कित्येक वर्षं तिथे गंजच सायलेन्सरचं काम करत होता, आणि मी त्याला तीन दिवस व्हिनेगर पाजून घालवला होता. शेंगदाण्याएवढं भोक पडलं होतं.

इथे कोणीही वेल्डरकडे गेला असता. मी गेलो नाही, कारण माझ्या बॅगेत त्यावरचा उपाय होता. लोखंडी वजनाच्या बुडाला एक खळगा असतो. वजन कमी भरलं तर त्या खळग्यात शिसं ठोकून ते पुरं करतात आणि त्या शिशावर आम्ही तपासल्याचा शिक्का मारतो. बावीस वर्षांत मी असे हजारो खळगे पाहिले आहेत. म्हणजे लोखंडातलं भोक शिशानं बुजतं, याविषयी मला कोणाचा सल्ला नको होता. मी शिशाचा एक तुकडा भोकावर ठेवला आणि हातोडीनं ठोकून असा बसवला, की नखसुद्धा अडकू नये. मग मी हातोडी खाली ठेवायला हवी होती. पण शिसं गुळगुळीत झालं की माझा हात पुढचं काम आपणहून करतो. मी बॅगेतून ठसा काढला आणि एक ठोका मारला. चालू वर्ष, चालू तिमाही आणि माझा तपासनीस क्रमांक सायलेन्सरवर सुरेख उमटले. मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. उलट काम पुरं झाल्याचं समाधान वाटलं.

त्यावर मी उष्णता सोसणारा काळा रंग दिला. तीन हात दिले. डब्यावर लिहिलं होतं तसे प्रत्येक हातानंतर थांबलो. वस्तू पार्किंगमध्ये नेली, गाडीला बसवली आणि तिचं पुन्हा वाहन झालं. सर्वज्ञ म्हणाले, "नवा दिसतोय." गाडी चालू केली तर पहिल्या धुरात रंग काळवंडेल, या भीतीनं तपासणीच्या दिवशी मी ती ढकलत नेली. केंद्र दोन किलोमीटरवर आहे. वाटेत अकरा जणांनी विचारलं, "बंद पडली का?" पहिल्या चौघांना मी कारण सांगितलं. पाचव्यापासून नुसता "हो" म्हणू लागलो आणि मनातून प्रत्येकावर चिडत राहिलो.

खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, "मागच्या वेळी नापास झाल्यावर काय काम केलंत?"

"गंज काढून रंग दिला."

"रंगबदल? त्याचा वेगळा अर्ज. मंजुरीला दहा दिवस."

"अहो, गाडीचा नाही. सायलेन्सरचा."

"सायलेन्सर रंगात धरत नाहीत."

"तेच म्हणतोय मी."

"मग रंग दिला असं का सांगता लोकांना?" असं म्हणून त्यानं रकान्यात 'पुसला' असं लिहिलं. सात दिवसांच्या माझ्या मेहनतीची शासनदरबारी ही नोंद आहे.

तपासनीस तोच होता. या खेपेला मात्र तो रीतसर खाली बसला, टॉर्च काढला, अगदी मी बघतो तसा बघू लागला. मला त्याच्याविषयी आदर वाटू लागला होता, तेवढ्यात तो म्हणाला, "हे आकडे कसले?"

तीन हात रंगाखालूनही शिक्का स्वच्छ वाचता येत होता. मी ठोकताना कधी कुचराई करत नाही, त्याचं हे फळ. सरकारी ठसा वजनाखेरीज दुसऱ्या कशावर मारला तर काय होतं, ते मला कलमासकट पाठ आहे. आधी निलंबन, मग चौकशी.

"हा सरकारी शिक्का आहे," तपासनीस म्हणाला. "वजनावर असतो तसला. इथे कसा आला?"

मी म्हणालो, "बघायला हवं." याहून बरं उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

तो उठला आणि वरिष्ठांना बोलवायला आत गेला. जाताना धूरयंत्रावरच्या माणसाला म्हणाला, "तोवर धूर मोजून घे. एंजिन चढवून ठेव." त्या माणसानं गाडी चालू केली आणि मूठ पिळून धरली. आधी रंगातून वाफा निघाल्या. मग नळीच्या वळणाखाली काहीतरी चमकलं. एक थेंब लोंबला, लांबला आणि फरशीवर पडला. त्याच्यामागोमाग दुसरा. शिसं वितळतं ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. आमच्या ऑफिसात ते वितळवायची कढईच आहे. पण वजनं कधी गरम होत नाहीत, त्यामुळे तो विचार मनात येण्याचं कारणच नव्हतं.

वरिष्ठ चष्मा पुसत आले. "कुठाय शिक्का?"

"इथे होता," तपासनीस म्हणाला आणि खाली बसला. तिथे आता भोक होतं आणि त्यातून फडफड धूर येत होता.

"इथे भोक आहे," वरिष्ठ म्हणाले.

"साहेब, मी वाचला. वर्ष होतं, नंबर होता." त्यानं फरशीवरच्या चकाकत्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. वरिष्ठांनी ठिपका पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं. "तू जरा सावलीत बस," ते म्हणाले आणि आत गेले.

माझी नोकरी वाचली आणि गाडी नापास झाली. तो तपासनीस शंभर टक्के खरं बोलत होता आणि मी एका शब्दानं त्याची बाजू घेतली नाही. माझ्यातल्या तपासनीसाला त्याची शरम वाटली. उरलेल्या मला सुटल्यासारखं वाटत होतं. तपासनीसानं चिठ्ठी लिहून माझ्या हातात ठेवली. "परवा शेवटचा दिवस," तो म्हणाला, "आणि मी इथेच आहे."

घरी बाबांना सगळं सांगितलं. "शिसं," ते म्हणाले. "धुराच्या नळीला." चाळीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाचा मुलगा म्हणून माझं नाव त्या दोन वाक्यांत पुसलं गेलं. मग त्यांनी चपला घातल्या. "चल, भंगारवाल्याकडे जाऊ. सायलेन्सर काढ आणि गाडीही बरोबर घे."

भंगारवाला मलाही आठवला नव्हता असं नाही. पण त्याचं आवार माझ्या हद्दीत येतं, आणि ज्याचा काटा तपासायचा त्याच्याशी खासगी व्यवहार करायचा नाही, हा माझा नियम. शिवाय आणखी एक कारण होतं, आणि ते आवारात शिरताशिरता समोर आलंच. दारातच त्याचा मोठा काटा होता. त्याला लाल फीत गुंडाळलेली होती. फितीवर सील होतं आणि सीलखाली सही होती. सही माझी होती, तीन आठवड्यांपूर्वीची.

भंगारवाल्यानं मला ओळखलं, पण बोलला बाबांशी. आमचा सायलेन्सर बघून ढिगात शिरला आणि पाच मिनिटांत त्याच मॉडेलचा दुसरा घेऊन आला. धुळीनं माखलेला, पण ठणठणीत. बाबांनी त्यावर बोटानं वाजवून बघितलं आणि मान डोलावली.

"तुमचा द्या, हा घ्या," भंगारवाला म्हणाला. "वजनात जो फरक पडेल तेवढं बघू." मग तो थांबला आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "पण साहेब, वजन करू कशावर?"

"चूक निघाली म्हणून बंद केला मी काटा."

"निघाली ना. किलोला पन्नास ग्रॅम जास्त दाखवत होता. मी भंगार विकत घेतो, साहेब. काटा जास्त दाखवला तर जातं कोणाचं?"

त्याचं जात होतं. हा माणूस स्वतःलाच ठकवत होता आणि त्याबद्दल मी त्याचं दुकान तीन आठवडे बंद पाडलं होतं. "चूक ती चूक," मी शेवटी म्हणालो. "कोणाच्या बाजूची, असा रकाना फॉर्मात नाही."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत प्रगतिपुस्तकावर सही करतानाही कधी पाहिलं नव्हतं. मग ते पुढे झाले. एका हातात जुना सायलेन्सर घेतला, दुसऱ्या हातात नवा. क्षणभर डोळे मिटले. "हा पावणेचार. हा सव्वाचार."

भंगारवाल्यानं दोन्ही उचलून पाहिले. "नवा चारच धरा, काका."

"सव्वाचार आहे. मला कळतं."

"अहो, चारच आहे. गंजाचं कशाला धरताय?"

दोघंही आपापल्या तोट्यासाठी भांडत होते. पावणेचार हा आकडा तर माझ्या तक्त्यातलाच होता. बाबांना तो लक्षात राहिला असणार, अशी मी मनाची समजूत घातली. हातानं वजन ठरवून व्यवहार करणं हा दंडपात्र गुन्हा आहे आणि तो माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याचसाठी, माझे वडील करत होते. मी पाठ फिरवली आणि समोरच्या रस्त्यावरची रहदारी तपासू लागलो. मागे त्यांचं चारवर मिटलं. भंगारवाल्यानं माझ्या डब्यातला उरलेला काळा रंग मारून वीस मिनिटांत सायलेन्सर बसवूनही दिला. निघताना मी त्याला म्हणालो, "फेरतपासणीचा अर्ज मी भरतो." तो मी त्याच दिवशी भरला. कारणाच्या जागी 'चूक व्यापाऱ्याच्याच तोट्याची' असं लिहिलं. आमच्या साहेबांनी 'असे कारण यादीत नाही' असा शेरा मारून परत पाठवला. मी पुन्हा भरला.

शेवटच्या दिवशी तपासनीसानं मला दुरूनच ओळखलं. त्यानं बरोबर एक भिंग आणलं होतं. अर्धा तास तो सायलेन्सरखाली होता. वळण पाहिलं, सांधे पाहिले, एका ठिकाणी नखानं रंग खरवडून पाहिला. शिक्का सापडला नाही. एंजिन चढवून आवाजाचं यंत्र लावलं, दोनदा लावलं, कारण आकडा इतका कमी आला की त्याचा विश्वास बसेना. "पास," तो म्हणाला. इतक्या दुःखी आवाजात कोणी कोणाला पास केल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याला खरं सांगावं असं मला फार वाटलं. प्रमाणपत्र खिशात घातलं आणि निघालो.

रविवारी चार वाजता बाबा मागे बसले. गाडी अशी चालली होती, की चाकाखालचा खडासुद्धा ऐकू यावा. मला आयुष्यात इतका अभिमान क्वचित वाटला असेल. साडेचारला आत्याच्या दारात पोचलो. आत्या नेहमी दार उघडून उभी असते. आज दार बंद होतं.

बेल वाजवली. दार ठोठावलं. खिडकीही आतून लावलेली. आत्याला कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं, पण आजवर दार ठोठावायची वेळच आली नव्हती. बाबांनी "ताई" म्हणून हाक मारली, मग आणखी मोठ्यानं मारली. मग ते पायरीवर बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी मागच्या बाजूला गेलो, पुढे आलो, परत बेल वाजवली. अर्धा तास गेला.

मग कडी सरकली. आत्या रिकामी टोपली घेऊन दोरीवरचे कपडे काढायला बाहेर येत होती. पायरीवर बाबांना बघून तिच्या हातातली टोपली पडली.

"तू कधी आलास?"

"केव्हाचे आलोय, ताई."

"मग गाडी कशी नाही आली ऐकू? मला दुसरं काय ऐकू येतं? कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला की मी दार उघडते. आज चारपासून कान लावून बसले होते." ती बाबांच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिनं त्यांचा हात धरला. "पाच वाजले. म्हटलं, आता कोणीतरी सांगायला येईल."

बाबांनी तिचा हात थोपटला, बराच वेळ थोपटला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जुना परत बसव."

मी खिशातलं प्रमाणपत्र चाचपलं. पुढची पाच वर्षं ही गाडी आवाज करणार नाही, असं सरकारनं मला लिहून दिलं होतं.